सुकन्येचा उत्तररंग

गोत्रीच्या सोसायटीत रिक्षातून उतरलेल्या अहल्याबाईंनी दिरासाठी, रमाकांतांसाठी, आठवणीनं लसणाच्या चटणीचा डबा आणला होता. राग होता, पण रिकाम्या हातानं कुणाच्या दारी जायची सवय नव्हती.

उद्या जनार्दनबुवांचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी देवळात नारदाच्या गादीवर त्या स्वतः उभ्या राहणार होत्या, नवऱ्यानं रचलेलं सुकन्येचं आख्यान लावायला. पूर्वरंग तोंडपाठ होता. उत्तररंगाच्या तेवीस साक्यांपैकी पहिलीची ओळ तेवढी आठवत होती, बाकी सगळं बुवांच्या वहीतच होतं, आणि सगळ्या वह्या वर्षभर रमाकांतांनी अडवून ठेवल्या होत्या.

"बायकांनी गादीवर उभं राहायचं म्हणजे अतीच झालं, वहिनी," असं तीनदा ऐकवून आज त्यांनीच निरोप धाडला होता, "घेऊन जा बाई एकदाच्या."

वह्यांची पेटी गॅरेजमध्ये होती, थेट जमिनीवर. वाळवी मारायला आलेला गुजराती प्रवीणभाई शेजारी पंप जोडत होता. अहल्याबाईंनी झाकण उचललं. आत एकही वही नव्हती. पेटीच्या मापाचं एकसंध ओलं ढेकूळ होतं, भोकाभोकांचं.

"चाळीस वर्षांची कीर्तनं!" त्यांचा आवाज चिरकला. "पेटीखाली दोन विटा ठेवायचंही जिवावर आलं तुमच्या?"

"मी काय वाळवीला आवतण दिलं होतं? किड्याला काय कळतं, वहिनी!"

"किड्याचं सोडा. तुम्हाला काय कळत होतं?"

रमाकांत अनवाणी, भिंतीला टेकून उभे होते.

"बेन, उधईचा, ह्या वाळवीचा, काही वांक-गुन्हा नाही," प्रवीणभाई हळूच म्हणाला. "जंगलात पडेलं लाकूड तीच खाते, माती करते. तेव्हा तर नवं झाड उगतं. बंद पडून राहिलं, ते तिला मेलेलंच."

"मेलेलं? हे?" संतापानं अहल्याबाईंनी तिथंच खड्या आवाजात पहिली साकी सुरू केली. सोसायटीनं ऐकावं म्हणूनच.

*वारुळातुनी उमटे वाणी, थबके राजकुमारी...*

वारुळात बसलेल्या ऋषीचे लकाकणारे डोळे सुकन्येनं काट्यानं फोडले. मग आतून ऋषी काय बोलला? ते वहीत होतं. त्या अडल्या.

टक. टक-टक. टक.

आवाज ढेकळातून आला.

"उधईतले शिपाई किडे डोकं आपटतात, बेन. भय वाटलं की." प्रवीणभाईनं सांगितलं खरं, पण त्याचा पंपावरचा हात थांबला होता. आवाज लयीत होता. समेवर येऊन तो थांबला, बुवांच्या चिपळ्या थांबायच्या तसा. कुणीतरी पुढं म्हणावं म्हणून.

अहल्याबाईंनी तीच ओळ पुन्हा म्हटली.

पुढची ओळ रमाकांतांनी म्हटली.

*डोळे नेले तरि ओळखितो, पाऊल तुझे दारी.*

आरतीतसुद्धा टाळ चुकवणारा हा माणूस. सूर स्वच्छ, किंचित नाकातला. जनार्दनबुवांचा.

रमाकांतांनी घाईनं तोंडावर हात धरला. बोटांमधून तिसरी ओळ आली.

प्रवीणभाई खाली बघत होता. पेटीच्या बुडापासून पेन्सिलीएवढी मातीची नळी फरशीवरून निघाली होती. ती रमाकांतांच्या टाचेवर चढून लेंग्यात शिरली होती. माती अजून ओली होती.

"बेन... दवा मारू?"

रमाकांतांचे डोळे वहिनींकडे लागले होते, पाण्यानं भरलेले. ओठांच्या कोपऱ्यात बारीक माती जमत होती.

अहल्याबाईंनी पिशवीतून कोरी वही आणि पेन काढलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "अजून बावीस साक्या आहेत."