बिनसांध्याची हाक

सेनगावात वैजनाथचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. २००१ साली त्यानं जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यात ट्रॅकर हा चाली जुळवायचा प्रोग्राम टाकला. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकायच्या, आणि ज्या ओळीत आवाजाचा तुकडा बसवला तिथं तो वाजायचा. बँडवाल्यांना चाली करून देण्यात गडी पटाईत. एका तुकड्याचा आवाज हळूहळू उतरवायचा, त्याच्याखालून दुसऱ्याचा चढवायचा. सांधा भल्याभल्यांना कळायचा नाही.

उन्हाळ्यात अनुसयाबाई आली. धनगराची बाई, नवरा मसाजी महिन्यापूर्वी वारलेला.

"मेंढरं पाण्यावर येईनात, बाबू. ऐंशीतली बारा गेली. त्याईला ह्यांचीच हाक पाहिजे. तुज्याकडं हाय म्हणं."

होती. जत्रेत वैजनाथ मसाजीच्या ओव्या टेप करत होता, तेव्हा मसाजीनं मधेच उठून मेंढरांना दोन हाका घातल्या होत्या. पण दोन्ही तोकड्या. तेवढ्यानं कळप माळावरून यायचा कसा?

बाईची कीव येऊन वैजनाथ कामाला बसला. पहिली हाक उतरवली, तीत दुसरी चढवली, दुसरीत पुन्हा पहिली. अर्धा तास चालली तरी कुठं खंड नाही.

फक्त दोन्ही आवाज मंद असत त्या चार ओळींत काहीतरी घासायचं, खडकावर वहाणा घासाव्यात तसं. त्यानं दोन्ही तुकडे वेगवेगळे ऐकले. एकातही ते नव्हतं. शिवाय दर फेऱ्याला हाक जरा जवळून यायची, आणि आवाजाचे आकडे तर त्यानं हलवलेच नव्हते. स्पीकर जुने झालेत म्हणत त्यानं कॅसेट भरली. मनातून मात्र टरकला होता.

दुपारी चारला अनुसयाबाईच्या पालाजवळ, हौदापाशी टेप लावला. माळावर मेंढरांनी माना वर केल्या, मग सगळी हौदावर धावली आणि घटाघटा प्यायली. अनुसयाबाई बाजेवर बसून रडायलाच लागली.

"जगली रे माझी लेकरं."

वैजनाथलाही भरून आलं. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि कान देऊन ऐकलं.

"ही मधी थांबत काहून न्हाई?"

"थांबू दिलीच नाही, मावशी. सांधा काढून टाकला."

बाईचा चेहरा उतरला. "आमच्यात हाक घालून गप ऱ्हातेत. बोलवायचं नसलेलं कुनी निघालं असंल, तर तेवढ्यात माघारी जातंय. तू तर बोलावूनच राहिला की रे."

वैजनाथनं बटण दाबलं. टेप बंद झाला.

हाक चालूच होती.

त्यानं कॅसेट काढून हातात घेतली. हाक आता माळाच्या बाजूनं येत होती.

मेंढरं हौदावरून फिरली. एकही ओरडलं नाही. कळप मधोमध फाटत गेला, एक माणूस चालेल एवढाच.

बाजेजवळ येऊन हाक थांबली.

"तू जाय आता," अनुसयाबाई वैजनाथला हळूच म्हणाली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सरकून जागा केली.

तिच्या शेजारची बाजेची सुतळी कुरकुरत खाली दबली.