सकाळी आठचं पाणी

डोळे मिटा बघू क्षणभर. एक तीन मजली इमारत आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो, तिथे मोठी खिडकी. हिवाळ्यात साऱ्या इमारतीत ऊन येतं ते तिथेच, तेही सकाळचे दोन तास. आणि त्या उन्हात, मातीच्या कुंडीत, जेडचं झाड. पानं जाडजूड, गुळगुळीत... चिमटीत धरलं की कळावं, आत पाणी साठवलंय. दिसलं? आता उघडा डोळे, कारण जिन्यावरून कुणीतरी येतंय.

येत होती ती दुसऱ्या मजल्यावरची शिवणकाम करणारी. मापाची टेप गळ्यात तशीच. झाड तिचंच. तिच्या खोलीत हिवाळ्यात ऊन फिरकत नाही, म्हणून तिने ते इथे आणून ठेवलं होतं. खिडकीपाशी ती थबकली. एक अनोळखी तरुण गुडघ्यावर बसून भांड्यातलं पाणी कुंडीत ओतत होता. अगदी बेताने, एक थेंब न सांडता.

“काय करताय?”

“पाणी घालतोय.” तो ओशाळून उठला, पण आवाजात थोडा अभिमान होताच. “रोज सकाळी आठला. तीन आठवडे झाले, एकदाही चुकलेलो नाही.”

तीन आठवडे... म्हणून पानं पिवळी पडून गळत होती तर. आणि ती, हिवाळ्यात पाणी घालायचंच नाही म्हणून मातीला बोटही न लावता, रोज पानं वेचत थंडीला नावं ठेवत होती.

तो वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला घड्याळजी. झाडाला कुणीच पाणी घालत नाही असं त्याला दिसलं, वाईट वाटलं. घड्याळाला रोज ठरल्या वेळी किल्ली द्यावी लागते, तसंच झाडाचं असेल, असा त्याचा हिशेब.

तिला रागवायचं होतं. पण त्याचा चेहरा असा पडला, की ती पायरीवर बसली आणि त्याला समजावू लागली. हिवाळ्यात झाड पेंगतं. ऊन कमी, वाढ कमी, मग तहानही कमी. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं, ओल लागली तर पाण्याला हात लावायचा नाही. हे तिला आईने शिकवलं होतं. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. बोटभर फांदीपासून आईनेच ते झाड वाढवलं होतं. ते गेलं, तर आईच्या हातचं जिवंत असं काही उरणार नव्हतं.

त्याने खाली गळलेलं एक पान उचलून तळहातावर घेतलं. मग हळूच म्हणाला, “उघडून बघू या?”

शिवणाच्या टेबलावर जुने कागद पसरून त्यांनी झाड कुंडीतून काढलं. डोळ्याला भिंग लावून, बारीक चिमट्याने तो एकेक काळं, मऊ पडलेलं मूळ वेगळं करू लागला, आणि ती ते कात्रीने कापू लागली. मध्येच त्याने मान वर केली. भिंगातला भलामोठा डोळा बघून तिला हसू आवरेना.

“काय दिसलं?”

“घाबरलेला डोळा.”

“झाडासाठी घाबरलोय.”

“फक्त झाडासाठी?”

त्याने भिंग काढून ठेवलं... आणि पुढचं मूळ तिच्या कात्रीपुढे धरलं.

मुळं चार दिवस सावलीत सुकवली. मग वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत झाड परत बसवलं, आणि करार ठरला: पाणी बंद. दर रविवारी सकाळी दोघांनी मिळून बोट घालून बघायचं.

बोट घालायला किती वेळ लागतो? पण रविवारची ती तपासणी चहाचे दोन दोन कप संपेपर्यंत चालायची. तिची भाची, वरच्या मजल्यावरची सात वर्षांची मुलगी, जिला सगळे खारुताई म्हणत, कठड्यावरून वाकून विचारायची, “मावशी, बोट अडकलं का गं?”

तिसऱ्या रविवारी तिने बोट घातलं आणि तिचा चेहरा उतरला. माती चिंब होती.

“राहवलं नाही ना तुम्हाला?”

“मी हात लावलेला नाही.”

“मग पाणी काय भिंतीतून आलं?” तिने ओलं बोट त्याच्यापुढे धरलं. “आईचं एवढंच आहे माझ्याकडे. सांगितलं होतं ना मी तुम्हाला...”

तो वर निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. तिने एकटीने बोट घातलं, आणि दोन कप चहा केलेला तसाच गार झाला.

हे सगळं कठड्यावरून कुणी पाहिलं, सांगायला नकोच. तिसऱ्या रविवारच्या आधीच खारुताईच्या आईने कडक नियम काढला होता: शाळेतून पाण्याची बाटली रिकामीच आली पाहिजे. थंडीत इतकं पाणी कोण पिणार? घरी पोचायच्या आधी जिन्यात एक कुंडी होतीच.

त्याच रविवारी खारुताई घड्याळकाकांच्या दारात उभी राहिली. मग तिला त्यांच्या टेबलावर, दिव्याच्या उबेला, घड्याळाच्या रिकाम्या डबीत जेडचं एक गळलेलं पान दिसलं. त्याला केसासारखी गुलाबी मुळं फुटली होती.

“याला पाणी नाही घातलं?”

“एक थेंबही नाही,” तो म्हणाला. “तुझ्या मावशीला शब्द दिलाय.”

तेव्हा तिला रडूच फुटलं, आणि रडता रडता तिने सगळं सांगून टाकलं.

थोड्या वेळाने तिघं खिडकीपाशी होती. खारुताईने मावशीलाही सांगितलं, अगदी खाली मान घालून. मावशीने तिला जवळ घेतलं. मग झाडाचं खोड दाबून पाहिलं. टणक होतं, म्हणजे कुजलेलं नव्हतं. ती त्याच्याकडे वळली... आणि त्याच्या हातातल्या डबीकडे बघतच राहिली.

“मी उगाच बोलले तुम्हाला.”

“माती सुकायला किती दिवस?”

“पंधरा तरी.”

“तोवर मी यायचं नाही?”

“तुम्ही काय जेड आहात,” ती डबी हातात घेत म्हणाली, “पंधरा दिवसांनी यायला?”

“मग रोज आलो तर?”

“सकाळी आठला या. एकदाही चुकायचं नाही.”

दोघं हसली. खारुताईला काय चाललंय ते नीटसं कळलं नाही. पण आपल्याला आता काय करायचं, ते कळलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती त्या वळणावर थांबली, बाटली हलवून बघितली. निम्मी भरलेली होती. ती पायरीवर बसली, कुंडीकडे पाठ केली, आणि सगळं पाणी एका दमात स्वतःच पिऊन टाकलं.