उजवा काठ

घळीतून एक बाटली पाणी आणायचं होतं, बस्स! पण ते हवं होतं एका पाइपाच्या तोंडाचं, आणि रंगाचा कारखाना तर छातीठोकपणे सांगत होता की नदीत सांडपाणी सोडणारा असा पाइप मुळात नाहीच. उद्या सुनावणी होती. पुरावा मिळाला नाही तर प्रकरण बंद, आणि प्रकरण बंद झालं की शहराच्या घराघरांत पुन्हा याच नदीचं पाणी सुरू.

हे काम डायरेक्टरबाईंनी अंगावर घेतलं होतं. शाम्पूच्या मोठ्या कंपनीतली खुर्ची सोडून त्या नदीच्या मागे लागल्या त्याला बराच काळ लोटला होता, तरी लोकांच्या तोंडी त्या अजून डायरेक्टरबाईच होत्या. सुरुवातीला नवऱ्याने हे चार दिवसांचं खूळ समजून सोडून दिलं होतं. आता तोच सकाळी त्यांचे बूट पुसून दारात ठेवायचा. बाईंचा स्वभावच असा, की अमुक गोष्ट होणार नाही असं कुणी म्हटलं की त्यांना कडक चहा घेतल्यासारखी तरतरी यायची.

होडीत तिघं होते. वल्ह्यांवर कप्तान. त्याने ही घळ कधी पुरती पाहिली नव्हती, पण तसं कबूल करण्यापेक्षा त्याने वल्हं चावून खाल्लं असतं. मागे भाऊजी, म्हणजे बाईंचे धाकटे दीर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. बाटल्यांची पेटी त्यांनी तान्ह्या बाळासारखी मांडीवर धरली होती.

"वहिनी, बाटली आधी त्याच पाण्यानं खंगाळायची हं."

"भाऊजी, घरून निघाल्यापासून हे किती वेळा सांगाल?"

"तुम्ही हो म्हणेपर्यंत."

घळीच्या तोंडाशी दोन्ही कडे एकदम जवळ आले. आभाळाची एक चिंचोळी पट्टी तेवढी वर उरली, आणि इतका वेळ निवांत वाहणारी नदी तिथे दगडांशी भांडायला लागली. काठाला साचलेला पिवळट फेस वाऱ्याने थरथरत होता. पाखराचा आवाज नाही, पाण्यावर एक मासळी उडत नाही. बाईंना त्या शांततेचा राग आला.

मग धार आली! कप्तानाने वल्ही मारली. होडी पुढे जाईना. उलट मागे सरकायला लागली!

"उतरा!" कप्तान ओरडला. "दोर धरा!"

कमरेइतक्या पाण्यात तिघांनी होडी ओढली. भाऊजींचा पाय घसरला. बाईंचा खांदा खडकावर आपटला. दोर तळहातांना सोलत गेला. पण होडी वर चढली!

"हे तर काहीच नाही," कप्तान धापा टाकत म्हणाला. ते खोटं आहे हे तिघांनाही ठाऊक होतं.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका फोरमनने बाईंना फोनवर एवढंच सांगितलं होतं: घळीच्या मध्यावर, उजवा काठ, पुढे आलेल्या खडकाखाली. खडक पुढे आल्यासारखे तर दोन्ही बाजूंना होते. भाऊजी होडीतलं पाणी उपसण्यात गुंतलेले. बाईंनी हात केला, "उजवीकडे घ्या!"

"कुणाच्या उजवीकडे?" कप्तानाने विचारलं. वल्हवणारा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, त्यामुळे त्याचा हा प्रश्न काही चुकीचा नव्हता.

"माझ्या!"

मोठ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला उजवं कुठलं हे कुणी विचारत नाही. होडी बाईंच्या उजवीकडे लागली. तिघं काट्याकुट्यांतून, निसटत्या दगडांवरून कडा चढले. खडकाखाली पाहिलं, फटी पाहिल्या. पाइपाचा मागमूस नाही! तासभर वाया गेला.

"पण वहिनी," भाऊजींनी शर्टातला काटा उपटत विचारलं, "आपण डाव्या काठावर कशाला चढलो?"

"डावा? हा उजवा आहे!"

"आपला उजवा. नदीचा डावा. काठ नेहमी पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून मोजतात. आपण उलटे वर आलोय."

बाई मटकन दगडावर बसल्या. आणि एकदम खो खो हसायला लागल्या! दोन सरकारी पाहण्या झाल्या होत्या. दोन्हींच्या होड्या अशाच खालून वर आलेल्या, आणि दोन्ही अहवालांत एकच वाक्य: उजव्या काठावर काहीही आढळले नाही.

"कसं आढळेल? सगळे इथेच काटे टोचून घेऊन गेले!"

हसता हसता त्यांची नजर समोर गेली, आणि हसू थांबलं. पलीकडच्या खडकाच्या पोटाखाली एक काळं, गोल तोंड होतं. पाण्यातून जाणाऱ्याला ते दिसलंच नसतं. दिसत होतं ते फक्त चुकीच्या काठावरून!

मग काय, उतरताना कुणालाच काटे टोचले नाहीत.

होडी पलीकडे पोचली. बाईंनी पाण्यात बोट घातलं. पाणी कोमट होतं. भाऊजींनी पेटी उघडली. तेवढ्यात कड्यावरून कारखान्याचा भोंगा वाजला. पाळी सुटली होती. खडकाच्या पोटात काहीतरी गडगडलं.

"मागे व्हा!" कप्तान किंचाळला.

जांभळा लोंढा! तोफेसारखा सुटला! होडी गर्रकन फिरली. भाऊजी एका बाजूने पाण्यात, पेटी दुसऱ्या बाजूने! बाईंना दोन हात होते, पण झेप एकच घेता येणार होती. त्यांनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. भाऊजींची कॉलर हाताला लागली. निसटली. पुन्हा लागली! कप्तानाने वल्हं खडकात रोवलं, ते कडाडलं, पण तुटलं नाही. लोंढ्याने होडी, माणसं आणि आरडाओरडा सगळं उचलून खाली संथ पाण्यात नेऊन टाकलं.

भाऊजी नखशिखांत जांभळे झाले होते. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

"पेटी?"

"गेली."

"वहिनी! अहो, तो पुरावा होता!"

"मग सासूबाईंना तुमच्याऐवजी पेटी नेऊन दिली असती का?" बाईंनी त्यांची कॉलर अजून सोडली नव्हती. "गप्प बसा जरा."

भाऊजी गप्प बसणाऱ्यांतले नव्हतेच. थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाले, "तसंही त्यांचा वकील म्हणालाच असता, रंग बाईंनीच घरी कालवला."

"काय म्हणालात?" बाई ताठ बसल्या. अंगात ती चहाची तरतरी आली होती!

घळीबाहेर पडून फोनला रेंज येताच त्यांनी सुनावणी घेणाऱ्या साहेबांना गाठलं.

"साहेब, उद्या सुनावणी कुठे आहे?"

"सभागृहात. का?"

"तिथे पाइप नाही. आमच्या होडीत एक जागा आहे."

"अहो बाई, आम्ही उजवा काठ पाहिला होता..."

"डावा पाहिलात. आम्हीही आज तेच केलं."

मग साहेब हळूच म्हणाले, "मला पोहता येत नाही."

"माझ्या दिरांनाही येत नाही. ते सुखरूप घरी चाललेत."

दुसऱ्या दिवशी साहेब आले! जीवरक्षक जाकीट घालून, होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून. दोर ओढायला त्यांनी बूट काढून ठेवले, तेव्हाच कप्तानाला ते आवडले. या वेळी होडी खडकाच्या आडोशाला बांधून सगळे वाट पाहत बसले. भोंगा वाजला. जांभळा लोंढा घळीत कोसळला.

साहेब बघतच राहिले. मग त्यांनी सरकारी बाटली काढली, स्वतःच्या हाताने खंगाळली, भरली आणि तिच्या तोंडावर सील लावलं. या बाटलीवर आता कुठला वकील बोट ठेवणार होता?

"म्हणजे साहेब," कप्तानाने भीत भीत विचारलं, "प्रकरण बंद नाही ना?"

"कारखाना बंद," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळपासून."

डायरेक्टरबाईंचे डोळे भरून आले होते. तोंडावर पाणी मारावं म्हणून त्यांनी ओंजळ नदीकडे नेली, आणि पाण्यापासून वीतभर वरच थांबवली.

"आज नको," त्या नदीला म्हणाल्या. "पण मी येईन."