चार बोटं सरकलेल्या खुंट्या

अंकुर मला पहिल्यांदा दिसला तो मंच आखायला मी ठोकलेल्या खुंटीपाशी उकिडवा बसलेला, हातात हातोडी. सकाळचे सहा वाजले होते. इतक्या सकाळी दुसऱ्याच्या खुंटीजवळ हातोडी घेऊन बसणारा माणूस काही पूजेला बसलेला नसतो.

"काय करून राहिले?" मी विचारलं.

"काही नाही मॅडम. हवा खाऊन राहिलो." आणि हसला. हसू छान होतं, म्हणून मला जास्तच संशय आला.

मी चारुशीला, अमरावतीची आर्किटेक्ट. चांदूर बाजारच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी खुशालरावांचं साग-मोहाचं रान आहे. तिथं मार्चअखेर संगीत महोत्सव व्हायचा होता. मंच फक्त बांबू, काथ्या आणि मातीचा. झाड तोडायचं नाही, सिमेंट ओतायचं नाही, आणि गाणं संपलं की रान होतं तसं परत द्यायचं. माझ्या नावावरचं हे पहिलं काम. खुशालरावांनी बजावलं होतं, "सोमवारी नकाशा घेऊन येतो. खुंट्या बरोबर नसल्या, तर लोखंडी पाइपवाला मंडपवाला तयारच हाये."

मंडपवाला अकोल्याचा. अंकुर साउंडवाला, तोही अकोल्याचा. दोन दिवसांसाठी जागा पाहायला आला आणि आठवडा झाला तरी हलेना. आता तुम्हीच सांगा, दोघं मिळालेले नसतील का?

खुंट्या मात्र रोज हलायच्या. फार नाही, चार बोटं. टेप लावला की कळायचं. मी परत ठोकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी पाळत ठेवली. जेवताना मुद्दाम त्याच्या समोर बसायची.

"मले इतकं टक लावून काहून पाह्यता?"

"नजर ठेवतेय."

"ठेवा. आजपर्यंत माह्यावर कोणी ठेवलीच नाही..."

माझे कान तापले. ठेचा तिखट असावा.

एकदा दोरी ओढताना माझा तळहात सोलला. अर्ध्या तासात माझ्या तंबूपुढे हळद आणि तेलाची वाटी. अंकुरला विचारलं तर म्हणे, मले काय माहीत. एवढं कोण कोणासाठी उगाच करतं? नक्कीच काहीतरी लपवत होता.

रविवारी उजाडायच्या आत मी एका सागाआड उभी राहिले. मोहाची फुलं टपटप पडत होती, हवेत गोडसर वास... सगळ्यांत मोठ्या मोहाखालची जमीन अशी स्वच्छ, की मी मंच तिथंच आखला होता. आयती साफ जागा मिळाली म्हणून खूशही झाले होते.

तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरची पार्बताबाई आली, झाडू आणि टोपली घेऊन. तिनं माझ्या खुंट्या उपटल्या, नीट बाजूला रचल्या, फुलं वेचली, जमीन झाडली आणि निघून गेली. मग अंकुर आला. पावलं मोजत एकेक खुंटी परत ठोकू लागला.

मी पुढे झाले. "हे रोज?"

तो दचकला. मग हातोडी खाली ठेवली.

"रान खुशालरावचं, पण हे झाड तिच्या सासूपासून तिच्या घरचं हाये. फुलं पडायच्या दिवसात खालची जागा तीच झाडते, तीच वेचते. दुसरं कोणी पाय ठेवत नाही. तुमाले सांगतलं, तर तुमी खुशालरावले सांगान, बाईचं झाड जाईन. खुंट्या नाही लावल्या, तर तुमचं काम जाईन. मंग काय करू?"

"टेप तरी लावायचा."

"टेप तुमच्या उशाशी. तिथं कसा येऊ?"

मला माझीच लाज वाटली. पाच वर्षं रान न दुखावता बांधायचं शिकले, आणि साफ जागा कोणी साफ केली एवढं विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी सगळ्या खुंट्या उचलल्या आणि मंच चाळीस पावलं पलीकडे, सागांच्या उतारावर नव्यानं आखला. रात्री मी नवा नकाशा काढला. काम जाणार, हे धरूनच.

सोमवारी खुशालरावांनी जुना नकाशा उघडला आणि भुवया चढवल्या. "हे काय?"

"मोहाखाली मंच होणार नाही. तिथंच हवा असेल तर तुमचा मंडपवाला बोलवा." मी नवा नकाशा पुढे केला.

ते मोहाकडे पाहत राहिले. "पार्बताबाईचं झाड होय... सांगायचं ना मंग पहिल्याच दिवशी." आणि नव्या नकाशावर सही केली.

ते गेल्यावर मी अंकुरकडे वळले. "एक संशय राहिलाय. दोन दिवसांसाठी आलेला माणूस आठवडाभर का थांबला?"

"जाणारच होतो." तो खाली पाहत म्हणाला. "पण तुमी माह्यावर संशय घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ पाहून राहिले... असं कोणी पाहत असलं, तर माणूस जाते का?"

"संशयानं सुरुवात केली होती," मी म्हणाले. "तीनच दिवस. पुढचं नुसतंच पाहणं होतं. मला तुम्ही आवडता, अंकुर."

 तो कानापर्यंत लाल झाला, आणि ठेचा तर आज कुठंच नव्हता.

मी पिशवीतून टेप काढून त्याच्या हातात दिला. "आता हा तुमच्यापाशी राहू द्या."