अळणी ताट

सांबारात आजही मीठ नव्हते! विजयलक्ष्मीबाईंनी केळीचे पान पुढे सारले आणि वाढणाऱ्या सुनेकडे, श्रीविद्येकडे, रोखून पाहिले. हृदय दुर्बळ झाले, पाय सुजले, म्हणून डॉक्टरांनी मीठ तोडले हे खरे. परंतु त्या आज्ञेच्या आडून ही पोर आपला मानच उणा करू पाहते आहे, हा संशय त्यांच्या मानी अंतःकरणात मूळ धरून बसला होता... म्हणूनच मिठात मुरवून वाळवलेल्या नारत्तंगाई लिंबाच्या आंबट-कडू फोडी पदराच्या गाठीत बांधून त्या देवघरात जात, आणि जपाच्या निमित्ताने एकेक फोड चघळीत.

महिन्याने कुंभकोणमच्या दवाखान्यात डॉक्टर शंकरनारायणांनी पुन्हा रक्त तपासले. हृदयावर ताण आला की ते रक्तात एक द्रव्य सोडते. ते जितके अधिक, तितके हृदय थकलेले, असे त्यांनी तमिळमध्ये समजावले. औषधांनी तो आकडा उतरायला हवा होता. तो चढला होता. गोळ्या कोण देते, असे त्यांनी विचारताच विजयलक्ष्मीबाईंच्या मुलाने, सेतुरामने, बायकोकडे वळून पाहिले.

श्रीविद्येने क्षणभर सासूच्या पदराकडे दृष्टी टाकली, मग मान खाली घातली.

"माझ्याकडूनच चुकलं असेल."

"मग आडुतुरैला भावाकडे जाऊन राहा," सेतुराम म्हणाला. "अम्मांसाठी मी बाई ठेवतो."

विजयलक्ष्मीबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. पदरावरचे ते खारट डाग, तो कडवट वास... रोज आपली लुगडी धुणाऱ्या या मुलीला ते कळले नसेल? आणि तरीही ती निमूटपणे घर सोडायला निघाली होती!

"सेतू, ती चुकली नाही. मी चोरून मीठ खाल्लं. चोर तुझी अम्मा आहे."

सेतुरामला मान वर करवेना. डॉक्टर तेवढे हसले. "आजी, घरच्यांना फसवाल, रक्ताला कसं फसवणार?"

विजयलक्ष्मीबाईंचे त्यांच्याकडे लक्षच नव्हते.

"तुला ठाऊक होतं?"

"होय, आत्याबाई."

"मग बोलली का नाहीस?"

"परक्यांदेखत तुम्हांला खोटं पाडू? माझ्यानं झालं नसतं ते."

दवाखान्याच्या पायऱ्यांशी सेतुराम हात द्यायला पुढे झाला. त्याला बाजूला सारून, जन्मात कुणाचा आधार न घेतलेल्या त्या बाईने सुनेचे मनगट घट्ट धरले.

"हळू चल गं," त्या अगदी हलक्या स्वरात म्हणाल्या. "मला दम लागतो... फार दिवसांपासून लागतो."