भागूबाईंची काचपट्टी

अकरावीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला गालाच्या आतल्या पेशी दाखवायच्या, हा श्रीरामपूरच्या त्या कॉलेजातला जुना शिरस्ता. दातकोरणीनं गाल आतून हलकेच खरवडायचा, जे निघेल ते काचपट्टीवर पसरायचं, वर निळ्या रंगाचा थेंब. जीवशास्त्राच्या गंधारसरांना मात्र उष्ट्याची भारी किळस. त्यामुळे गाल दरवर्षी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या भागूबाईंचा. "घ्या सर, माजं तोंड काय सोन्याचं हाय व्हय," म्हणत बारा वर्षं त्या आ करत आल्या.

गेल्या वर्षी ॲसिडची काचेची बाटली तडकली. सरांनी उरलेलं ॲसिड पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं, टेबलावर ठेवलं आणि चहाला गेले. दिशा नावाच्या मुलीनं तहानेनं ती बाटली तोंडाला लावली. पोरगी वाचली, पण तिचा आवाज कायमचा गेला.

चौकशीत सर म्हणाले, "बाटली भागूबाईंनी ठेवली." एवढंच एक वाक्य, तेही अगदी शांतपणे. भागूबाईंना काढून टाकलं. गल्लीतल्या बायका त्यांना पाहून दार लावून घ्यायच्या. बाईंनी हळूहळू अन्न सोडलं आणि दिवाळीच्या आधी त्या गेल्या. सरांची झोप म्हणाल तर एका रात्रीचीही मोडली नाही.

यंदा जुलैत भागूबाईंची मुलगी राजेश्वरी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, फेरचौकशी लागलीय सोमवारी. आईनं बाटली ठिवली न्हाई, तुमाला ठाव हाय. तेवढं सांगा."

"जे माहीत होतं ते मी सांगितलंय."

"आमाला दुसरं कायबी नको. तिचं नाव तेवढं धुऊन द्या."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. तास सुरू व्हायचा होता.

गाल द्यायला आता कोणी नव्हतं. सरांनी पेटीतून भागूबाईंचीच दोन वर्षांपूर्वीची काचपट्टी काढली. फळ्यावर सजीवांची लक्षणं लिहिली: हालचाल, वाढ, प्रजनन, चेतनेला प्रतिसाद. मग त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पेशी सरकत होत्या.

रंगानं मेलेल्या, दोन वर्षं कोरड्या ठणठणीत पेशी! सर भुताखेतांची टर उडवणारे. त्यांनी भिंग पुसलं, टेबल हलतंय का पाहिलं आणि मुलांना पुस्तकातलं चित्र दाखवून वेळ मारून नेली.

बुधवारी अकरा पेशींच्या सोळा झाल्या होत्या. सोळाव्या पेशीच्या मधोमध बारीक खाच पडत होती, आणि सर पाहत असतानाच तिच्या दोन झाल्या. गुरुवारी त्यांनी काचपट्टी डावीकडे सरकवली. सगळ्या पेशी उजवीकडे चालत आल्या आणि बरोब्बर त्यांच्या डोळ्याखाली थांबल्या. सरांना भीती वाटली. त्याहून जास्त राग आला. मेल्यावरही ही बाई पिच्छा सोडत नाही म्हणजे काय!

शुक्रवारी पेशी सुट्या राहिल्याच नव्हत्या. कडेला कड लावून त्यांचा सलग पापुद्रा झाला होता. पेशींची ऊती होते, ऊतींचा अवयव. सर हेच तर वर्षानुवर्षं शिकवत होते. त्यांनी काचपट्टी बेसिनमध्ये आपटून फोडली, नळ सोडला आणि साबणानं तीनदा हात धुतले.

शनिवारी दात घासताना उजवा गाल आतून खरखरीत लागला. जीभ सारखी तिथंच जायला लागली. दुपारी कॉलेज सुटल्यावर सरांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलं, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा गाल खरवडला आणि भिंगाखाली धरला. रंगाची बाटली अजून कपाटातच होती.

पेशी निळ्या होत्या.

सोमवारी टेबलामागे चौकशीचे तिघं जण बसले होते. खिडकीपाशी राजेश्वरी, पदर मुठीत आवळून. बाहेर मैदानावर पोरांचा कबड्डीचा आवाज चालू होता.

"बाटली कोणी ठेवली होती?" अध्यक्षांनी विचारलं.

वाक्य पाठ होतं. सरांनी तोंड उघडलं.

"बाटली सरांनी ठिवली. म्या न्हाई."

आवाज बाईचा होता. दमलेला, घोगरा.

सरांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. हातांखालून बोलणं चालूच राहिलं. तडकलेली बाटली, ओतलेलं ॲसिड, चहाची वेळ, सगळं. अध्यक्षांचं पेन थांबलं होतं.

राजेश्वरी उठली.

"आई?"

सरांचे हात खाली आले. डोळे त्यांचेच होते, आणि ते पाण्यानं भरून दाराकडे पाहत होते.

"आले गं," तोंड मायेनं म्हणालं. "थांब जरा. हात आजून यायचेत."