हरकतीची पाटी

त्याच्या गळ्यातला बिल्ला उलटा होता. सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या परिषदेच्या इमारतीत माणसाकडे बघायची एक रीत आहे — आधी बिल्ला, मग चेहरा. निळा बिल्ला सरकारी प्रतिनिधींचा. हिरवा आमचा, म्हणजे संस्था-संघटनांच्या लोकांचा. करार लिहिला जात असताना निळे आपापल्या देशाच्या पाटीमागे बसून बोलतात आणि हिरवे मागच्या खुर्च्यांवर बसून ऐकतात. आम्हाला बोलायची मुभा मिळते ती दिवसाच्या अगदी शेवटी, निम्मी सभा उठून गेल्यावर. म्हणून आमचं खरं काम बाहेर चालतं. जिन्यात, लिफ्टसमोर, कोट अडकवायच्या खोलीत एखादा निळा गाठायचा आणि आपलं वाक्य हळूच त्याच्या गळी उतरवायचं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य तो सभेत स्वतःचं म्हणून वाचतो, आणि आम्ही मागे बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवतो.

तर, तो कॉफीच्या यंत्रासमोर उभा होता. यंत्रातून कॉफी येत होती आणि खाली कप नव्हता.

"कप आधी ठेवायचा असतो," मी म्हटलं.

"हे त्याने आधी सांगायला हवं होतं," तो यंत्राकडे बघत गंभीरपणे म्हणाला.

बाही भिजलेली, बुटांची टोकं झिजलेली, काखेत कागदांचा गठ्ठा, आणि बिल्ल्याची पांढरी पाठ माझ्याकडे. निळे लोक इतके गबाळे नसतात. हा आपल्यातलाच कुणीतरी नवखा, असं मी ठरवूनच टाकलं. शिवाय हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्तच बारीक व्हायचा... ते असो. सांगायचं काय, तर माझी जीभ सैल सुटली.

"घरकामगारांच्या कराराला आलात ना? मग नीट ऐका," मी त्याच्यासाठी कप काढत म्हणाले. "सगळं घोडं पासपोर्टच्या कलमावर अडलंय. 'कामगाराचा पासपोर्ट कामगाराजवळच राहील.' एवढं साधं वाक्य. पण तो तिसऱ्या रांगेतला देश काही केल्या हलत नाही. त्यांचे ते वकीलसाहेब — जेवण झालं की डुलक्या काढतात, आणि जाग आली की हरकत घेतात."

त्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा.

"आणि... त्यांनी शेवटपर्यंत ऐकलंच नाही तर?" त्याने विचारलं.

इथे मी जीभ चावायला हवी होती. पण तो ऐकत असा होता, की सांगत राहावं.

"मग आमच्याकडे पडतं घ्यायला दुसरं वाक्य आहे. 'कामगाराने मागितल्यास पासपोर्ट परत दिला जाईल.' अगदीच पोकळ. मालकाकडे मागायची हिंमत कोण करणार? पण काहीच नसण्यापेक्षा बरं. हे मात्र कुणाला कळता कामा नये हं! आम्ही एवढ्यावरही गप्प बसू हे त्यांना कळलं, तर पहिलं वाक्य आम्हाला कोण देईल?"

"खरंय," तो अगदी हळू म्हणाला. पुढे तो आणखी काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात सभेची घंटा झाली आणि मी पळाले.

मागच्या खुर्चीवर बसून मी सहज समोर पाहिलं. तो आत आला. मागे वळेल, आपल्या रांगेत येईल, म्हणून मी शेजारच्या खुर्चीवरची पिशवीही उचलली. तो सरळ पुढे गेला. तिसऱ्या रांगेत वकीलसाहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला, आणि बसताना त्याचा बिल्ला सुलटा झाला. निळा होता.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कुणीतरी मला विचारलं, बरं वाटत नाही का? मी उचललेली पिशवी पुन्हा शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

कारण ते कलम माझ्यासाठी नुसतं कलम नव्हतं. माझी आई परक्या देशात एका बंगल्यात कामाला होती. मालकिणीने तिचा पासपोर्ट चांगल्या कपबशांच्या कपाटात ठेवला होता आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. आजोबा गेल्याची बातमी आली तेव्हा आई पासपोर्ट मागायला गेली. मालकीण म्हणाली, "पाहुणे येणार आहेत गं, ते गेले की बघू." त्या दिवशी माझी आई त्याच कपाटातून मालकिणीने काढून दिलेल्या कपबशा पुसत होती. आजोबांचं तोंड तिने पुन्हा पाहिलं नाही. मोठी होऊन मी आमच्या संस्थेत आले ती एवढ्या एका वाक्यासाठी. आणि तेच मी कॉफीच्या कपाबरोबर समोरच्या माणसाच्या हातात देऊन बसले होते.

संध्याकाळी मी आमच्या संस्थेच्या ताईंना सगळं सांगून टाकलं. ताईंनी चष्मा काढला. मग पुन्हा घातला.

"पाठीवर थोपटलंस?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"ताई, मला रागवा तरी."

"रागावून काय उपयोग? सांडलं ते सांडलं." त्यांनी मला खुर्ची पुढे केली. "त्याने ते वाक्य साहेबाला सांगितलं असेल तर आपण बुडालो. नसेल सांगितलं... तर तो माणूस कामाचा आहे. जा आणि त्याच्याशी बोल. पण या वेळी मोकळ्या हाताने जाऊ नकोस. तो आपल्या मंत्र्याला काय सांगू शकेल, ते त्याच्या हातात दे."

दुसऱ्या दिवशी तो यंत्रापाशीच सापडला. कप आधी ठेवून, बिल्ला अगदी सरळ करून उभा होता.

"तुम्ही मला थांबवलं का नाहीत?" मी तोफच डागली.

"तुम्ही दम कुठे घेतलात?"

"म्हणून मुकाट ऐकत राहिलात?"

"आधी वाटलं, सांगावं. मग तुम्ही पाठीवर थोपटलंत..." त्याचे कान लाल झाले. "मग धीरच झाला नाही. मी ते कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांनाही नाही."

"मी विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," तो म्हणाला. "मीही ठेवला नसता."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी गडबडले, आणि गडबडीत त्याला आईची गोष्ट सांगितली. कपाट, किल्ली, पाहुणे. कॉफी तशीच गार होत गेली.

"मला हे पटतं," तो शेवटी म्हणाला. "पण मला पटून काय होतंय? आम्हाला वरून सूचना येते, तीच आम्ही वाचतो. वर 'वाईट वाटतं' असं कळवून सूचना बदलत नाही."

"मग काय कळवून बदलते?"

"मंत्र्याला उद्या संसदेत सांगता येईल असं काहीतरी हवं. नवीन काही करत नाही, असं दिसलं पाहिजे."

आता माझी पाळी होती. मी पिशवीतून त्याच्याच देशाच्या एका जुन्या कायद्याची प्रत काढली. रात्रभर शोधून काढली असं म्हणणार होते, पण खरं तर ताईंना त्यातलं कलम तोंडपाठच होतं. त्यांच्या देशात जहाजावरच्या खलाशाची कागदपत्रं काढून घेणं कधीपासूनच गुन्हा होता.

"खलाशाला जो कायदा लागू, तो भांडी घासणाऱ्या बाईला का नाही?" मी म्हटलं. "तुमच्याकडच्या घरकामगार संघटनेच्या बायका हेच विचारायला मंत्र्याच्या दारात बसणार आहेत. तुम्ही इथून तेच कळवा. दोन्हीकडून एकच गोष्ट कानावर पडू दे."

तो ती प्रत वाचत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं — आधी चेहरा, बिल्ला नाहीच.

"आमचाच कायदा, आणि आम्हालाच ठाऊक नाही," तो अवाक होऊन म्हणाला. "तुम्ही लोक भयंकर आहात."

"तुम्ही लोक नाही. मी."

त्यानंतर आम्ही रोज भेटलो, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. वरून उत्तर आलं की नाही हे तो मला सांगू शकत नव्हता, आणि मी विचारत नव्हते. तो नुसता दोन कप भरायचा. एकदा काचेवर पाऊस आपटत होता आणि आम्ही दोघं शेजारी उभे राहून बाहेरच्या छत्र्या बघत राहिलो. त्याची बाही माझ्या बाहीला लागली. त्याने ती काढली नाही. मीही नाही... आणि रात्री मला झोप लागेना. हा माणूस मला आवडतो, आणि याचाच देश उद्या आमच्या कलमाविरुद्ध पाटी उचलणार. काय करायचं एखादीने?

आमच्या सभेत मत देत नाहीत. अध्यक्षबाई वाक्य वाचतात आणि समोर बघतात. ज्याला हरकत आहे त्याने आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी धरायची. कुणीच धरली नाही की हातोडा पडतो आणि वाक्य करारात जातं. 'हो' कुणीच म्हणत नाही. सगळे फक्त गप्प राहतात.

आमच्या कलमाची पाळी आली त्या दुपारी बाईंनी वाचलं, "कामगाराचा पासपोर्ट कामगाराजवळच राहील." आणि चष्म्यावरून समोर पाहिलं.

वकीलसाहेब जागे होते. त्यांचा हात पाटीकडे गेला. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. साहेबांनी पाटी उचलली... आणि बाजूला सरकवून तिच्या जागी पाण्याचा ग्लास ठेवला. शांतपणे घोट घेतला.

सभेला धक्काच बसला. अध्यक्षबाईंचा हातोडा हवेतच राहिला होता. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पुन्हा एकदा पाहिलं, जणू विचारत होत्या, अहो, विसरलात की काय? वकीलसाहेबांनी ग्लास खाली ठेवला. त्यांच्या शेजारी तो बसला होता, दोन्ही हात मांडीवर, मान खाली. हातोडा पडला.

मला रडू यायला हवं होतं. मी नुसती बसून राहिले. एवढा मोठा अन्याय एवढ्या बारीकशा आवाजाने संपतो, हे माझ्या डोक्यात शिरेचना. ताई मात्र ढसाढसा रडल्या.

बाहेर तो यंत्रापाशी उभा होता. गळ्यात बिल्ला नव्हता.

"वरून उत्तर काल आलं," तो म्हणाला. "सांगता येत नव्हतं. तुमच्याकडे बघवतही नव्हतं."

"म्हणून मान खाली होती?"

"वर केली असती तर हसलो असतो." त्याने श्वास घेतला. "आता माझं एक वाक्य आहे. वाचू?"

"वाचा."

"मला तुम्ही आवडता. जन्मभर रोज दोन कप भरायची माझी तयारी आहे." त्याने यंत्राखाली दोन कप ठेवले. "हरकत असेल तर... पाटी उचला. नसेल तर नुसत्या गप्प राहा."

मी थक्क झाले. रोज माझ्या मनात हेच होतं, तरीही. आणि गप्प राहिले असते तर काम झालं असतं, हेही खरं. पण मला एकदम रागच आला.

"दिवसभर आत मला गप्प बसवतात," मी म्हणाले. "इथेही गप्प बसून मंजुरी द्यायची? मी बोलणार. हो. मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून, तुझा बिल्ला उलटा होता तेव्हापासून. लिहून घे हवं तर."

त्याचा डावा डोळा इतका बारीक झाला की दिसेनासाच झाला.

मी तिथल्या तिथे आईला फोन लावला. कलम मंजूर झालं, हे आधी सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मी दुसरी बातमी सांगितली.

"सरकारी माणूस?" आई ओरडलीच. "हरकत घेणाऱ्या त्याच देशाचा? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आई, चांगला आहे गं तो."

"चांगला असेल. आधी त्याला विचार, लग्नानंतर तुझा पासपोर्ट कुणाकडे राहणार?"

मी विचारलं. तो फोनकडे बघत पटकन म्हणाला, "तिचा तिच्याकडे. माझाही तिच्याचकडे ठेवीन म्हणतो. मी फार हरवतो वस्तू."

मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आई हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"त्याचा त्याला परत दे," ती म्हणाली. "ज्याचा त्याच्याजवळ. आताच झालंय ना मंजूर?"